शेवट पाठवा

आमच्या प्रकाशनात पुस्तक द्यायचं तर लेखकानं शेवटचं प्रकरण वेगळं काढून, पाकिटात घालून, वर लाख लावून द्यायचं असतं. ते पाकीट मालकीणबाईंच्या लोखंडी कपाटात जातं. बाकीचा गठ्ठा, पहिल्या पानावरचं लेखकाचं नाव खोडून, माझ्या टेबलावर येतो. मी वाचायचं. वाचून झाल्यावर मला शेवट हवासा वाटला, तर चिठ्ठीवर दोनच शब्द लिहायचे: 'शेवट पाठवा'. चिठ्ठी गेली की पुस्तक छापायचं ठरलं. नाही गेली, तर गठ्ठा आणि न उघडलेलं पाकीट लेखकाला परत. कारण द्यायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत, पाठ थोपटायची नाही. ही पद्धत मालकीणबाईंच्या वडिलांनी घातली आणि मला ती मनापासून आवडते, कारण तिच्यात खोटेपणाला जागा नाही. असं मी चौदा वर्षं समजत होतो.

आम्ही फक्त अद्भुत कादंबऱ्या छापतो. चौदा वर्षांत मी सात चिठ्ठ्या पाठवल्या. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'पूर्णविराम' म्हणतात आणि आवाज खाली ठेवायची तसदी घेत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांना काय जातंय बोलायला? पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर वंशावळ, तिसऱ्यावर भविष्यवाणी आणि चौथ्यावर उडता राक्षस, असले गठ्ठे त्यांना वाचावे लागत नाहीत. राक्षस कुणालाही उडवता येतो. त्याला पंख काढले की झालं. पण त्या राक्षसाच्या पाठीवर बसलेल्याची मांडी सोलवटून निघते, हे ज्याला सुचतं त्याचा राक्षस मला खरा वाटतो. जादू करणाऱ्याला जादूपायी काहीतरी गमवावं लागतं, आणि गमावलेलं पुढच्या पानावर आपोआप परत येत नाही, तेव्हा मी खुर्चीत सरळ बसतो. आणि सगळ्यांत आधी, त्या माणसाला काय हवंय ते मला कळलं पाहिजे. ते त्याला मिळेल की नाही या विचारानं माझा चहा निवला पाहिजे.

इतकं कळत असूनही माझं स्वतःचं पुस्तक याच कपाटातून परत आलं होतं. तेव्हा मालकीणबाईंचे वडील स्वतः वाचायचे. त्यांनी माझं पाकीट जसंच्या तसं हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्हाला दुसऱ्याच्या चुका चांगल्या दिसतील. नोकरी करता का?" मी हो म्हणालो. पाकीट घरी जाऊन फाडून टाकलं.

लेखकांनी घरी येऊन डोकं खाऊ नये म्हणून इथे कोण वाचतं हे बाहेर कुणालाच सांगायचं नसतं. घरच्यांना वाटतं मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो. माझा धाकटा भाऊसुद्धा तेच समजतो. तो बेकरीत भट्टीवर असतो. तीस वर्षं पाव भाजतोय.

आता गठ्ठ्याकडे येतो. सोमवारी सकाळी तो टेबलावर आला. चारशे बारा पानं, टंकलेली, सुतळीनं बांधलेली, मधूनमधून पिठाचा पुसट हात लागल्यासारखी. तरी माझ्या काही लक्षात आलं नाही. तिसऱ्या पानावर एक डोंगर आला. डोंगराच्या पोटात एकामागे एक सात दारं, आणि पहिल्या दाराशी एक दारवान, नाकात कापूस घातलेला.

नाकात कापूस घातलेला दारवान मीच जन्माला घातला होता, आणि माझ्याशिवाय तो जगात एकाच माणसाला माहीत होता.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दुपारी जाताना ती आम्हाला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायची. मी अकरा वर्षांचा, धाकटा सहाचा. खिडकी उंच, खेळणं म्हणून एक फुटकी पट्टी. तो रडायला लागायचा आणि त्याचं रडणं मला सहन व्हायचं नाही, म्हणून मी गोष्ट सांगायला लागलो. एक थोरला भाऊ डोंगराच्या पोटात हरवलाय. धाकटा त्याला शोधायला निघालाय. प्रत्येक दाराशी दारवान एक आठवण मागतो. दिली तर दार उघडतं आणि ती आठवण कायमची जाते. पहिल्या दुपारी माझा घोळणा फुटला होता आणि आईनं कापूस कोंबला होता, म्हणून दारवानाच्या नाकातही कापूस. गोष्टीत हरवलेला मी आणि वणवण करणारा तो, हे मी ठरवून केलं होतं का, ते आता आठवत नाही. केलं असणार.

गोष्ट मी फुकट सांगत नसे. दुधाचा पेला, बुटांचं पॉलिश, माझ्या वाटणीची भांडी, असं काही ना काही त्याच्याकडून उकळून मग पुढचं दार. एकदा घरमालकाच्या खिडकीची काच मी फोडली. मार त्यानं खाल्ला, पाठीवर वळ उठेपर्यंत, आणि त्याबदल्यात मी त्याला पाचवं दार उघडून दिलं. सौदा त्याला स्वस्त वाटला. वळांवर खोबरेल लावून घेताना तो विचारत होता, "दादा, पुढे?"

सातव्या दाराशी मात्र मी अडकलो. तिथला दारवान म्हणतो, ज्याला शोधायला आलास त्याचीच आठवण दे. दिली, तर आत जाऊन शोधणार कुणाला? नाही दिली, तर दार उघडणार नाही. मला पुढचं येतच नव्हतं. हे त्याला सांगण्याऐवजी मी म्हणालो, "तुझी अजून लायकी नाही." तो वर्षभर लायकी कमावत राहिला. मग मी शिकायला दुसऱ्या गावी गेलो आणि विषय मिटला.

माझ्यापुरता मिटला. त्यानं पन्नाशीला टेकल्यावर त्याचं पुस्तक केलं होतं.

मी फुरसतीनं वाचणारा माणूस आहे. वाईट पुस्तक चाळीस पानांत सोडतो, बऱ्याला दोन आठवडे लावतो. हे मी दोन दिवसांत संपवलं. डबा तसाच परत नेला. पहिल्याच पानापासून मी चूक शोधत होतो आणि ती सापडत नव्हती. माझ्या गोष्टीत दुसऱ्या दाराशी धाकटा कुठलीतरी आठवण देतो, इतकंच होतं. यानं लिहिलं होतं की तो बुटाची नाडी कशी बांधायची ही आठवण देतो. काय लहानशी गोष्ट. त्याला वाटतं, सुटलो. आणि मग पुढची दीडशे पानं वाटेत जो भेटेल त्याच्याकडून तो नाडी बांधून घेतो. म्हातारीकडून, चोराकडून, त्याला खायला आलेल्या राक्षसाकडूनसुद्धा. राक्षस वाकून, मोठ्या बोटांनी, दोनदा चुकून, शेवटी गाठ मारतो आणि मग त्याला खायचं राहूनच जातं. मी मोठ्यानं हसलो. पलीकडच्या टेबलावरच्या मुद्रितशोधकानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत त्यानं मला हसताना पाहिलं नव्हतं.

चौथ्या दाराशी तो आईचा आवाज देतो. त्या पानाबद्दल मी काही सांगणार नाही. मी उठून तोंड धुऊन आलो.

चारशे बाराव्या पानावर तो सातव्या दाराशी पोचतो. दारवान मागायचं ते मागतो. धाकटा म्हणतो, "देतो, पण आधी माझं एक ऐक." आणि दारवानाच्या कानाशी लागतो. पान संपतं.

त्याला उत्तर सापडलं होतं. जे मला अकराव्या वर्षी सुचलं नाही, पुढेही कधी सुचलं नाही, ते या भट्टीवाल्यानं शोधून काढलं होतं आणि ते माझ्यापासून दहा पावलांवर लोखंडी कपाटात होतं. मी चिठ्ठी पुढे ओढली. पेनाचं टोपण काढलं. मला शेवट हवा होता. लहान मुलाला हवा असतो तसा, पोटातून हवा होता. दोन शब्द लिहायचे होते.

ते मी लिहिले नाहीत. का, ते स्वच्छ सांगतो, उगाच आडपडदा नको. चिठ्ठी गेली असती तर सहा महिन्यांनी दुकानाच्या काचेत त्याचं नाव लागलं असतं, आणि मी त्या काचेसमोरून रोज ऑफिसला गेलो असतो. माझा डोंगर, माझी दारं, माझ्या नाकातला कापूस, आणि नाव त्याचं. माझं पाकीट परत यावं आणि त्याचं उघडलं जावं? मी गठ्ठ्यावर 'परत' लिहिलं आणि सुतळीची गाठ नीट मारली.

मालकीणबाईंकडे गठ्ठा घेऊन गेलो, तर त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

"परवा दिलं होतं ना हे तुम्हाला?"

"हो."

"सगळं वाचलंत?"

"शेवटच्या पानापर्यंत."

"वाईट पुस्तक तुम्ही चाळीस पानांच्या पुढे नेत नाही," त्या म्हणाल्या. त्यांची नजर वडिलांसारखी आहे, समोरच्याच्या बनियनपर्यंत पोचते. "मग हे का नेलंत?"

"कुठेतरी सुधारेल म्हणून आशा होती. नाही सुधारलं."

"चिठ्ठी अजून लिहू शकता. मी गठ्ठा उद्या पाठवते."

"गरज नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट जावक टेबलावर होतं. चहाला उठल्याचं निमित्त करून मी ते हातात घेतलं. जाडजूड होतं, तीस तरी पानं असावीत. उजेडासमोर धरलं तर नुसत्या निळ्या शाईच्या सावल्या दिसल्या. म्हणजे हे टंकलेलं नव्हतं, त्यानं हातानं लिहिलं होतं. शिपाई येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ते जायचंय." मी दिलं.

मी मनाशी हिशेब मांडला होता. पाकीट धाकट्याकडे परत जाणार. धाकट्याला माझ्यापासून आजवर काही लपवता आलेलं नाही. तो तोंड पाडून माझ्याकडेच येईल, मग शेवट कुठे जातोय? आयता हातात. पुस्तक छापलं जाणार नाही आणि शेवट मला मिळेल, अशी दोन्हीकडून माझी सोय होती. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "दादा, वेळ असला तर दुपारी बेकरीत ये. घरी नको."

दुपारी बेकरी रिकामी असते. सकाळचा माल गेलेला, संध्याकाळच्या मालासाठी भट्टीत लाकडं नुकती पेटलेली. तो मळायच्या टेबलाशी उभा होता, कोपरापर्यंत पीठ. टेबलाच्या कोपऱ्यात, पिठापासून लांब, गठ्ठा आणि पाकीट ठेवलेलं होतं. लाख शाबूत होती. मी तिकडे न बघायचा प्रयत्न केला.

"हसणार नाहीस ना?" तो म्हणाला. "मी एक पुस्तक लिहिलं."

"तू?"

"अकरा वर्षं लागली. माल भट्टीत गेला की मध्ये वेळ मिळतो ना, त्यात." त्यानं हात पुसले. "आपली दारांची गोष्ट. तुझी. तुला आठवत पण नसेल. छापून झालं की पहिली प्रत आणून तुझ्या हातात ठेवायची, असं ठरवलं होतं. म्हणून बोललो नाही."

"मग?"

"परत आलं. तिथे एक वाचक असतो म्हणे. त्यानं शेवट मागितला तर छापतात." तो पाकिटाकडे बघत होता. "त्यानं मागितला नाही. चारशे पानं वाचून त्या माणसाला पुढे काय झालं हे विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. त्याचंच डोक्यात घोळतंय. वाईट आहे म्हणाला असता तर चाललं असतं."

मी स्टुलावर बसलो.

"तू इतकं वाचतोस, दादा. मला एकदा नीट सांग, वाचणाऱ्याला धरून ठेवायला काय लागतं? माझ्यात काय कमी पडलं?"

इथे मी खरं बोलू शकलो असतो. पण त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सहा वर्षांचा असताना पाहायचा तसंच, आणि मला जुनं बळ आलं.

"काय आहे तुझ्या गोष्टीत? आठवणी देत सुटायचं. आठवण गेली, तर वाचणाऱ्याचं काय जातं?"

"मी तसं नुसतं ठेवलं नाही," तो घाईनं म्हणाला. "म्हणजे बघ, तो नाडी बांधायची आठवण देतो, तर मग सगळ्यांकडून नाडी बांधून घ्यावी लागते त्याला. राक्षसाकडून पण."

"राक्षस नाडी बांधतो?"

"हो."

"पोरकटपणा आहे," मी म्हणालो. "मोठी माणसं असलं वाचून पुस्तक मिटतात. अद्भुत गोष्टीत राक्षसाची भीती वाटली पाहिजे, तू त्याला नोकर केलास. आणि हरवलेल्या भावाची ओढ कुणाला लागणार? त्यानं काय केलंय असं, की त्याच्यासाठी कुणी इतकं सोसावं?"

"भाऊ आहे ना तो," धाकटा म्हणाला.

"वाचकाचा नाही."

त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी कदाचित थांबलो असतो. पण तो शिकवणी घेतल्यासारखी मान डोलावत होता, एकेक गोष्ट डोक्यात ठेवत होता. मी अजून दोन-तीन वार केले. ते इथे लिहीत नाही. सगळे मोजून मारले होते आणि सगळे खोटे होते.

"बरोबर आहे तुझं," तो शेवटी म्हणाला. "मला एकट्याला बसून कळलंच नसतं." मग त्यानं पाकीट उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि माझ्यापुढे केलं. "शेवट मी टंकायला दिलाच नाही. तो आधी तूच वाचावास असं होतं. दुसरी प्रत पण नाही. वाचतोस?"

आमच्यात एक रीत होती. तो एकदा विचारायचा, मी नाही म्हणायचो. तो पुन्हा विचारायचा, काहीतरी कबूल करायचा, मग मी उपकार केल्यासारखा हो म्हणायचो. लहानपणी गोष्टीच्या वेळी, पुढे त्याच्या लग्नाच्या वेळी, घर घेताना माझी सही लागली तेव्हा, प्रत्येक वेळी. तो दोनदा विचारणार यावर मी आयुष्यभर विसंबून राहिलो होतो. माझा हात पुढे जायला निघालाच होता. तो मी मांडीवर दाबून ठेवला.

"आता कशाला?" मी म्हणालो. "मला वेळ कुठे आहे?"

"खरंय," तो म्हणाला.

त्यानं आकड्यानं भट्टीचं दार ओढलं आणि पाकीट आत टाकलं. टाकलं म्हणजे भिरकावलं नाही. पाव लावतो तसं, लांब दांड्याच्या फळीवर ठेवून, आतवर नेऊन ठेवलं. लाख आधी वितळली. मग कागद फुगला, कडा काळ्या झाल्या, आणि निळी अक्षरं एक क्षणभर स्पष्ट दिसली. मी स्टुलावरून उठलो होतो. एक ओळ वाचता येईल असं मला वाटलं. आली नाही. मग त्यानं गठ्ठाही उचलला, सुतळी सोडून वेगळी ठेवली, आणि पन्नास-पन्नास पानं करून आत घातली.

"कामाला तरी आलं," तो म्हणाला. "आता पुन्हा पेन धरणार नाही, दादा. सुटलो एकदाचा."

मी म्हणालो, "शेवटी काय होतं?"

"कशाच्या?"

"सातव्या दाराशी. तो दारवानाला काय सांगतो?"

त्यानं भट्टीचं दार लावलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेनं माझ्याकडे कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"राहू दे. मला बरं वाटावं म्हणून विचारतोयस, कळतं मला."

"नाही रे. मला खरंच हवंय. सांग."

"दादा, पुरे." तो हसला. त्याचे डोळे लाल होते, धुरानं असतील. "तूच आत्ता म्हणालास ना, कुणाला ओढ लागणार म्हणून. आणि खरं तेच आहे. त्या वाचकाला नाही लागली. त्याची तर माझ्याशी काही दुष्मनी नव्हती."

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. 'तो वाचक मीच होतो.' ते बोललो असतो तर पुस्तक मी हेव्यापोटी परत पाठवलं हे त्याला कळलं असतं, मला शेवट खरोखर हवाय हेही पटलं असतं, आणि मग त्यानं तो मला या जन्मात सांगितला नसता. न बोललो तर त्याला पटणारच नव्हतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला त्यानं बिस्किटं बांधून दिली, सुटे परत केले, आणि सकाळचे उरलेले दोन पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवले. मला बाहेरच्या पायरीपर्यंत सोडायला आला.

"तू होतास म्हणून बरं झालं," तो म्हणाला. "दुसरं कुणी असतं तर शेवट विचारायचं नाटकसुद्धा केलं नसतं."